लॉस लोबोस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस लोबोस म्हणजे 'ला बाम्बा'वालेच ना?

हो, तेच. 1987 च्या उन्हाळ्यात त्यांचं 'ला बाम्बा' हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बँडचं नाव जगभर पोचलं. पण तेव्हा बँड चौदा वर्षांचा झाला होता. 1973 साली ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये तो सुरू झाला. मेक्सिकन वंशाच्या चार-पाच मुलांनी एकत्र येऊन आधी आजी-आजोबांच्या काळातली गाणी शिकून घेतली आणि त्यानंतर रॉक, ब्लूज, कंट्री, सोल हे सगळं त्यांच्या शेजारी आणून ठेवलं.

माझं मत पहिल्याच उत्तरात सांगून टाकतो. दोन संगीतपरंपरा एकत्र आणणारे बँड पुष्कळ आहेत. लॉस लोबोस वेगळे वाटतात ते त्यांनी कामं ज्या क्रमाने केली त्यामुळे. आधी परंपरा शिकले, तीही बरीच वर्षं, लग्नाकार्यांत आणि हॉटेलांत वाजवत. मिसळणं नंतर आलं. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा कुठे ना कुठे डोकावेल.

बँडमध्ये कोण कोण आहे?

डेव्हिड हिडाल्गो मुख्य गायक. उंच पट्टीचा, स्वच्छ, थोडा दुखरा आवाज. गिटार, अॅकॉर्डियन, व्हायोलिन, रेकिंतो (चार तारांचं मेक्सिकन वाद्य), जे हातात येईल ते वाजवतात आणि प्रत्येक वाद्य मुख्य वाद्य असल्यासारखं वाजवतात. सीझर रोसास डावखुरे गिटारवादक आणि दुसरे गायक. काळा चष्मा ही त्यांची ओळख. त्यांचा जन्म मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातला, एर्मोसियोचा. ब्लूजचा खरखरीत बाज आणि उत्तर मेक्सिकोची गाणी ही त्यांची बाजू. कॉनरॅड लोझानो बास आणि गिटारोन, म्हणजे मारियाचीतलं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवतात. लुई पेरेझ सुरुवातीला ड्रम्सवर होते, नंतर गिटार आणि हाराना या लहानशा मेक्सिकन गिटारकडे वळले. बँडची बरीचशी गाणी हिडाल्गो आणि पेरेझ या जोडीने रचलेली आहेत, त्यात शब्दांची मोठी बाजू पेरेझ यांची.

पाचवे स्टीव्ह बर्लिन, सॅक्सोफोन आणि कीबोर्ड. ते मूळचे फिलाडेल्फियाचे, आधी 'द ब्लास्टर्स' या लॉस एंजेलिसच्या बँडमध्ये होते आणि 1984 मध्ये इकडे आले. इतक्या वर्षांनंतरही त्यांना 'नवा माणूस' म्हणण्याची पद्धत आहे.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं. फ्रान्सिस्को गोन्झालेझ. बँडच्या संस्थापकांपैकी एक आणि पारंपरिक गाण्यांकडे वळण्यात मोठा वाटा असलेला माणूस. सत्तरच्या दशकातच ते बँडमधून बाहेर पडले. पुढे वेराक्रूझची हार्प वाजवणारे म्हणून त्यांनी नाव कमावलं आणि या पारंपरिक वाद्यांसाठी तारा बनवण्याचं कामही केलं. 2022 मध्ये त्यांचं निधन झालं.

ईस्ट लॉस एंजेलिसचा उल्लेख सारखा का येतो?

कारण हे संगीत दुसरीकडे कुठे घडलंच नसतं. ईस्ट लॉस एंजेलिस हा लॉस एंजेलिस शहराला पूर्वेकडून लागून असलेला, पण शहराच्या हद्दीत न येणारा भाग. वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. हिडाल्गो आणि पेरेझ तिथल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये भेटले. घरात आईवडिलांच्या स्पॅनिश रेकॉर्ड्स, रस्त्यावर गाडीच्या रेडिओत सोल आणि रिदम अँड ब्लूज, आणि मित्रांच्या खोलीत जिमी हेंड्रिक्स.

साठच्या दशकात या वस्तीचे स्वतःचे रॉक बँड होते. 'दी मिडनायटर्स'ने इथल्या व्हिटियर बुलेव्हार या रस्त्याच्या नावाचं गाणंच केलं. 'कॅनिबल अँड द हेडहंटर्स' 1965 मध्ये बीटल्सच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायला उभे राहिले. म्हणजे मेक्सिकन मुलांनी रॉक वाजवणं इथे नवलाईचं नव्हतं. नवलाईचं होतं ते त्या मुलांनी वीस वर्षांचं असताना रॉक बाजूला ठेवणं.

मग त्यांनी तसं का केलं?

काळ समजून घेतला पाहिजे. 1968 मध्ये ईस्ट एल.ए.तल्या शाळांमधली हजारो मुलं वर्गांतून बाहेर पडली. मेक्सिकन मुलांना मिळणाऱ्या निकृष्ट शिक्षणाविरुद्धचं ते आंदोलन होतं आणि त्यात गारफील्ड हायस्कूलही होतं. 29 ऑगस्ट 1970 ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो मोर्चा निघाला. पोलिसांनी तो मोडून काढला आणि त्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. स्वतःला 'चिकानो' म्हणवून घेणं, आपण मेक्सिकनही आहोत आणि अमेरिकनही हे ताठ मानेने सांगणं, हे याच वर्षांत रुजलं.

ही मुलं त्याच हवेत वाढत होती. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या रॉक बँडमध्ये वाजवून झालेला होता. मग घरातल्या जुन्या रेकॉर्ड्स लक्ष देऊन ऐकायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जी गाणी आपण मोठ्यांची म्हणून कानाआड केली, ती वाजवायला भयंकर अवघड आहेत. हा भाग मला फार आवडतो. अभिमानाइतकीच त्यात वाजवणाऱ्याची चुरस होती: हे जमलंच पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारी बाजूला गेल्या, जुनी वाद्यं मिळतील तिथून गोळा झाली, आणि ऐकून ऐकून, सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन गाणी बसवली गेली.

बँडचं मूळ नाव 'लॉस लोबोस देल एस्ते दे लॉस एंजेलिस', म्हणजे लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडचे लांडगे. 'लॉस लोबोस देल नोर्ते' नावाचा उत्तरेकडचा एक बँड होता, त्याच्या नावावरून ही गंमत केलेली. 1976 मध्ये शेतमजुरांच्या संघटनेच्या मदतीसाठी निघालेल्या 'सी से पुएदे' या रेकॉर्डवर ते वाजले. त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम 1978 चा, तोही स्वतःच काढलेला आणि सगळा पारंपरिक गाण्यांचा.

'मेक्सिकन पारंपरिक संगीत' म्हणजे मारियाचीच ना?

मारियाची हा त्यातला एक प्रकार. पश्चिम मेक्सिकोतला, हालिस्को भागातून पुढे आलेला. मोठ्या टोप्या आणि ट्रम्पेट हे चित्र सिनेमांमुळे सगळीकडे गेलं, म्हणून बाकीचं झाकलं गेलं. लॉस लोबोस समजून घ्यायला आणखी दोन प्रकार माहीत हवेत.

पहिला नोर्तेन्यो, म्हणजे उत्तरेकडचा. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरित टेक्सासमध्ये आणि उत्तर मेक्सिकोत आले, सोबत पोल्का आणि अॅकॉर्डियन आलं. स्थानिकांनी दोन्ही उचलली आणि त्यांना बाहो सेक्स्तोची जोड दिली. बाहो सेक्स्तो म्हणजे बारा तारांची, सहा जोड्यांची, जाड खर्जाची गिटार. चाल सरळ असते: बास ठोक्यावर, बाहो सेक्स्तो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, आणि वर अॅकॉर्डियन मोकळं. एखाद्या घटनेची गोष्ट सांगणारी 'कोरिदो' गाणी याच भागात फोफावली.

दुसरा सोन हारोचो. हा वेराक्रूझचा, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा. स्पॅनिश, आफ्रिकन आणि मूळ रहिवाशांचं संगीत तिथे काही शतकं एकमेकांत मुरलं. गावात रात्रभर 'फान्दांगो' चालतो. मधोमध लाकडी चौथरा असतो, त्यावर नाचणाऱ्यांच्या टाचा आणि चवडे वाजतात आणि तोच त्या संगीताचा ढोल असतो. भोवती हाराना वाजवणारे उभे. कडव्यामागून कडवी येतात, काही जुनी, काही तिथल्या तिथे रचलेली. गाणं किती वेळ चालेल हे कुणी ठरवलेलं नसतं.

याशिवाय वास्तेका भागाचं वापांगो आहे, व्हायोलिन आणि मध्येच आवाज फोडून वर जाणाऱ्या गायकीचं. कोलंबियाहून आलेली आणि मेक्सिकोत घरचीच झालेली कुंबिया आहे. लॉस लोबोसनी हे सगळं वाजवलं आहे.

या वाद्यांची थोडी ओळख करून द्याल?

हाराना दिसायला लहानशी गिटार. जुन्या पद्धतीची हाराना एकाच लाकडातून कोरतात, पोट आणि मान वेगळी जोडलेली नसते. साधारण आठ तारा, पाच स्थानांवर. तिचं काम छेडायचं कमी आणि झोडायचं जास्त. बोटांच्या मागच्या बाजूने इतक्या वेगाने फटकारे देतात की सूर आणि ठेका दोन्ही एकाच हातातून निघतात.

रेकिंतो हारोचो चार तारांचं. गुराच्या शिंगाची लांब पट्टी बोटांत धरून वाजवतात, त्यामुळे आवाज टणक आणि टोकदार येतो. वरचे बोल त्याचे.

गिटारोनसाठी मला थोडं थांबावंसं वाटतं. मारियाचीतलं हे खर्जाचं वाद्य. पोट पाठीमागे फुगलेलं, तारा सहा, मानेवर पडदे नाहीत. वादक एका वेळी दोन तारा ओढतो, एक खालच्या सप्तकाची आणि एक वरच्या. म्हणजे प्रत्येक स्वर जोडीने उमटतो आणि वीज नसतानाही अख्ख्या अंगणात पोचतो. लोझानो गिटारोन वाजवताना हात नीट पाहा. तारेवर बोट टेकवलं जात नाही, तार मूठभर ओढून सोडली जाते. या मेहनतीचा परिणाम त्यांच्या इलेक्ट्रिक बासवरही ऐकू येतो. त्यांचा स्वर नेहमी गोल आणि भरलेला असतो, लांबवलेला क्वचितच.

मी पेटी आणि तबला शिकलो आहे. मला यात ओळखीचं काही सापडेल?

दोन गोष्टी नक्की सापडतील.

अॅकॉर्डियन आणि पेटी एकाच कुळातली. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्वर देतात, आणि दोन्ही युरोपातून आपापल्या नव्या घरी गेली. फरक असा की नोर्तेन्योत वाजतं ते बटणांचं अॅकॉर्डियन, आणि त्यात एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं, ओढताना दुसरा. त्यामुळे भात्याची दिशा बदलणं हा सुरावटीचाच भाग होतो. नोर्तेन्यो अॅकॉर्डियनमध्ये जो एक उसळता तुटकपणा असतो, तो बऱ्याच अंशी यातून येतो. लॉस लोबोसचं 'अॅन्सेल्मा' हे गाणं ऐकताना लगेच लक्षात येईल.

दुसरी गोष्ट लयीची. दादऱ्याच्या सहा मात्रा आपण तीन-तीन अशा मोजतो. सोन हारोचोच्या पुष्कळ गाण्यांतही सहाच मात्रा असतात, पण त्या एकाच वेळी दोन प्रकारे मोजल्या जातात. एक जण तीन-तीन धरतो, दुसरा दोन-दोन-दोन, आणि दोघंही बरोबर असतात. 'ला ग्वाकामाया' लावा आणि मांडीवर आधी तीन-तीनने, मग दोन-दोनने टाळी धरून पाहा. दोन्ही बसतील. कान एकीकडून दुसरीकडे सरकतो तेव्हा गाणं जागेवरच कूस बदलतं. तबल्यावर हात बसलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर पकडता येईल.

पारंपरिक गाणी वाजवणारे हे लोक परत रॉककडे कसे आले?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी. हळूहळू इलेक्ट्रिक वाद्यं परत आली आणि त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॉलिवूडमध्ये, पंक बँडांची चळवळ जोरात होती.

पहिली भेट काही गोड नव्हती. 1980 मध्ये ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये 'पब्लिक इमेज लिमिटेड' या ब्रिटिश बँडच्या आधी ते पारंपरिक गाणी घेऊन उभे राहिले. पंक प्रेक्षक त्यांच्यावर थुंकले, वस्तू फेकल्या, आणि थोड्याच वेळात त्यांना मंच सोडावा लागला. पण पुढे 'द ब्लास्टर्स'सारख्या बँडांशी दोस्ती झाली, हॉलिवूडच्या क्लबांतून कार्यक्रम मिळू लागले आणि तोच प्रेक्षकवर्ग अॅकॉर्डियनच्या पोल्कावर उड्या मारू लागला. मला यात आश्चर्य वाटत नाही. नोर्तेन्यो पोल्का आणि पंक दोन्ही वेगवान, आखूड आणि नाचायला लावणारी.

1983 मध्ये 'अँड अ टाइम टू डान्स' ही सात गाण्यांची छोटी रेकॉर्ड स्लॅश रेकॉर्ड्सने काढली. निर्माते टी बोन बर्नेट आणि स्टीव्ह बर्लिन. त्यातल्या 'अॅन्सेल्मा'ला ग्रॅमी मिळालं, तेही मेक्सिकन-अमेरिकन सादरीकरणासाठी नव्याने सुरू झालेल्या विभागातलं पहिलंच. त्या पाठोपाठ 1984 मध्ये 'हाऊ विल द वुल्फ सर्वाइव्ह?' आला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे कंट्री गायक वेलन जेनिंग्ज यांनी शीर्षकगीत स्वतः गाऊन 1986 मध्ये आपल्या अल्बमला त्याचं नाव दिलं. ईस्ट एल.ए.तल्या मेक्सिकन मुलांचं गाणं टेक्सासच्या कंट्री गायकाच्या गळ्यात जराही परकं वाटत नाही, हे मुद्दाम ऐकून पाहा.

'ला बाम्बा' त्यांचं स्वतःचं गाणं नाही, हे खरं का?

खरं. आणि ते कुणा एकाचं नाहीच. वेराक्रूझच्या सोन हारोचोतलं ते जुनं गाणं, लग्नांत वाजणारं. त्यावर नाचताना नवरा-नवरी जमिनीवर ठेवलेल्या लांब फितीची गाठ फक्त पायांनी बांधतात, ही पद्धत आजही दिसते.

1958 मध्ये रिची व्हॅलेन्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचं रॉक अँड रोल केलं. खरं आडनाव व्हॅलेन्झुएला, लॉस एंजेलिसच्या पाकोइमा भागातला. त्याला स्पॅनिश फारसं येत नव्हतं, शब्द पाठ करून गायला. रेकॉर्डच्या एका बाजूला 'डोना', दुसऱ्या बाजूला 'ला बाम्बा'. काही महिन्यांतच, 3 फेब्रुवारी 1959 ला, आयोवामधल्या विमान अपघातात तो गेला. त्याच विमानात बडी हॉली आणि 'बिग बॉपर' हे रॉक अँड रोल गायक होते.

लॉस लोबोसना व्हॅलेन्स नवा नव्हता. 1983 च्या रेकॉर्डवर त्यांनी त्याचं 'कम ऑन, लेट्स गो' आधीच घेतलं होतं. त्यामुळे लुईस व्हाल्देझ यांनी त्याच्या आयुष्यावर सिनेमा केला तेव्हा संगीतासाठी यांच्याकडे येणं साहजिक होतं. सिनेमात ते दिसतातही, तिहुआनातल्या एका प्रसंगात वाजवताना.

त्यांच्या 'ला बाम्बा'चा शेवट कधी लक्ष देऊन ऐकला आहे का? रेडिओवर बऱ्याचदा तो कापला जायचा. पूर्ण आवृत्तीत शेवटी ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारी मागे पडतात आणि हाराना-रेकिंतो पुढे येतात. चाल तीच, पण आता आपण वेराक्रूझच्या फान्दांगोत उभे असतो. गाणं जिथून आलं तिथे त्यांनी ते परत नेऊन सोडलं. अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या गाण्यात हे बसवलं, तेही संपूर्ण स्पॅनिश गाण्यात. हे काही सेकंद मला त्या सगळ्या यशापेक्षा मोलाचे वाटतात.

एवढ्या यशानंतर त्यांनी तसंच आणखी काही का केलं नाही?

कंपनीला नक्कीच हवं होतं. त्यांनी 1988 मध्ये काढला 'ला पिस्तोला ई एल कोरासोन'. सगळा स्पॅनिश, सगळा पारंपरिक वाद्यांचा, बहुतेक गाणी जुनी आणि फक्त दोन त्यांची स्वतःची. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. चित्रकार जॉर्ज येपेस यांचं मुखपृष्ठ.

त्या दोन नव्या गाण्यांबद्दल एक सांगतो. शीर्षकगीत हिडाल्गो आणि पेरेझ यांचं आहे. जुन्या गाण्यांच्या रांगेत ते असं बसलंय की माहीत नसेल तर वेगळं काढता येत नाही. परंपरा आत किती मुरली होती याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. या अल्बमलाही ग्रॅमी मिळालं, पण खप 'ला बाम्बा'च्या जवळपासही गेला नाही. लाखो नवे श्रोते कान लावून बसले होते तेव्हा त्यांनी त्यांच्यासमोर आपल्या घरचं, मूळ रूपातलं संगीत ठेवलं. लॉस लोबोसचा सगळ्यात धाडसी निर्णय मी याला मानतो.

'किको' अल्बमची एवढी तारीफ का होते?

'किको' 1992 चा. निर्माते मिचेल फ्रूम, ध्वनिमुद्रण चॅड ब्लेक. तोपर्यंतच्या अल्बमांत एक गाणं नोर्तेन्यो, पुढचं ब्लूज, त्यापुढचं रॉक असं असायचं. 'किको'त हे वेगळं काढताच येत नाही. 'किको अँड द लॅव्हेंडर मून'मध्ये जुन्या नाचगाण्याचा बाज आहे, अॅकॉर्डियन आहे, सॅक्सोफोन आहे, आणि सगळं मिळून लहान मुलाला अर्धवट झोपेत ऐकू यावं तसं वाटतं.

'सेंट बिहाइंड द ग्लास' माझं सगळ्यात आवडतं. पेरेझ यांच्या बालपणाच्या घरातलं. काचेमागच्या संताची तसबीर घरातली माणसं पाहते आहे, एवढंच त्यात घडतं. पारंपरिक तारांचा नाजूक आवाज आणि हिडाल्गो यांचा अगदी खालच्या आवाजातला गळा. 

त्याच वाटेने पुढे हिडाल्गो, पेरेझ, फ्रूम आणि ब्लेक यांनी 'लॅटिन प्लेबॉइज' हा वेगळा प्रकल्प केला, 1994 मध्ये. ज्यांना 'किको' आवडेल त्यांनी तो शोधावाच.

गाण्यांचे विषय काय असतात? स्पॅनिश येत नसेल तर कळतील?

निम्म्याहून जास्त गाणी इंग्रजीत आहेत, त्यामुळे भाषेची अडचण वाटते तेवढी नाही.

पेरेझ साध्या माणसांबद्दल लिहितात. 'अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये एक माणूस कामाच्या शोधात सीमेपलीकडे निघालाय, बायकोशी निघण्याआधीचं बोलणं आहे. तिकडे बस्तान बसलं की तुम्हाला बोलावून घेईन, एवढंच तो सांगतो. 'वन टाइम, वन नाइट' हे 1987 च्या 'बाय द लाइट ऑफ द मून'मधलं गाणं. त्यात अमेरिकेतल्या साध्यासुध्या घरांवर कोसळलेल्या दुःखाच्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत आणि चाल मात्र चक्क आनंदी कंट्रीची. 'विल द वुल्फ सर्वाइव्ह?' नॅशनल जिओग्राफिकमधल्या लांडग्यांवरच्या लेखावरून सुचलं. नामशेष होत चाललेल्या प्राण्याबद्दल सुरू झालेलं गाणं जगण्यासाठी धडपडणाऱ्या माणसापाशी येतं आणि शेवटी जुन्या गिटारी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या वादकांपाशी.

स्पॅनिश गाणी बहुतेक प्रेमाची, विरहाची आणि थट्टेची. अर्थ आधी शोधू नका. दोनदा ऐका, मग शोधा.

सांटाना, टेक्सास टोर्नेडोज यांच्यापेक्षा हे वेगळे कसे?

कार्लोस सांटाना जन्माने हालिस्कोचे, पण त्यांच्या बँडचा पाया सॅन फ्रान्सिस्कोतला ब्लूज-रॉक आणि कॅरिबियन-आफ्रिकन तालवाद्यं. मेक्सिकन लोकसंगीत त्यात कमी. 'टेक्सास टोर्नेडोज' म्हणजे डग साम, फ्रेडी फेंडर, ऑगी मेयर्स आणि अॅकॉर्डियनचे उस्ताद फ्लाको हिमेनेझ. त्यांचं संगीत टेक्सासचं, म्हणजे सीमेवरचं अॅकॉर्डियन आणि कंट्री. हिडाल्गो आणि रोसास यांनी हिमेनेझ आणि फेंडर यांच्याबरोबर 1998 मध्ये 'लॉस सुपर सेव्हन'च्या नावाने अल्बम केला, तोही ऐकण्यासारखा. अॅरिझोनाच्या टूसॉनमधला 'कॅलेक्सिको' मारियाचीचे ट्रम्पेट वाळवंटी रॉकमध्ये वापरतो, पण ते शेजाऱ्याच्या नजरेतून.

लॉस एंजेलिसमध्येच पुढची पिढी आली. 'केत्झाल' आणि 'लास काफेतेरास' यांनी सोन हारोचो पुन्हा हातात घेतलं, 'ओझोमात्ली'ने त्यात हिप-हॉप आणलं. वाट आधीच मळलेली होती.

पॉल सायमन यांच्याशी काय वाद झाला?

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या 1986 च्या 'ग्रेसलँड' या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यावर लॉस लोबोस वाजले आहेत. त्या गाण्याचं संगीत आपल्या चालीवरून उभं राहिलं आणि श्रेय मात्र दिलं नाही, असं बँडने, विशेषतः बर्लिन यांनी, जाहीर मुलाखतींत सांगितलं आहे. सायमन यांना ते मान्य नाही. श्रेयनामावलीत गीतकार-संगीतकार म्हणून सायमन यांचं एकट्याचंच नाव आहे. मी एवढंच म्हणेन की ते गाणं ऐकून मग 1984 चा लॉस लोबोस ऐका.

पुरस्कार किती?

बँडच्या नावावर चार ग्रॅमी. दोनांचा उल्लेख वर आला. तिसरं 'डेस्पेराडो' या 1995 च्या सिनेमातल्या वाद्यसंगीतासाठी, आणि चौथं 2021 च्या 'नेटिव्ह सन्स'साठी, अमेरिकाना, म्हणजे अमेरिकन मुळांच्या संगीताच्या, विभागात. 2021 मध्येच त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. लोककला आणि पारंपरिक कलांसाठी दिला जाणारा हा त्या देशातला सर्वोच्च सन्मान. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या नामांकनात त्यांचं नाव 2015 मध्ये आलं होतं, निवड झाली नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

अल्बमच्या वर्षांनुसार जाऊ नका. आधी 'हाऊ विल द वुल्फ सर्वाइव्ह?' पूर्ण ऐका. त्यात त्यांचं सगळं थोडं थोडं आहे. मग 'ला पिस्तोला ई एल कोरासोन', एका बैठकीत. मग 'किको', शक्यतो रात्री.

इथवर आलात की 'नेटिव्ह सन्स' लावा. फक्त शीर्षकगीत त्यांचं, बाकी जवळजवळ सगळी लॉस एंजेलिसच्या कलाकारांची गाणी: दी मिडनायटर्स, लालो गेरेरो, बीच बॉइज, जॅक्सन ब्राउन, 'वॉर', ब्लास्टर्स. ज्या शहराने त्यांना घडवलं त्याचा कान कसा होता ते यात कळतं. नाचायचं असेल तर 1999 च्या 'धिस टाइम'मधलं 'कुंबिया रासा' आणि 1996 च्या 'कोलॉसल हेड'मधलं 'मास ई मास'. घरात लहान मुलं असतील तर लालो गेरेरो यांच्याबरोबर 1995 मध्ये केलेला 'पापाज ड्रीम'.

एक व्यावहारिक सूचना. पारंपरिक गाणी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारोनचा खर्ज त्यात उमटतच नाही आणि मग गाणं हडकुळं वाटतं. साधे हेडफोन लावलेत तरी पुरे.